‘मागणी नाही’ म्हणून पोत्यात भरलेल्या पुस्तकांबद्दल गावच्या वाचनालयाच्या संचालक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि सर्व संचालक,
आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी पुस्तक बदलायला आले तेव्हा फळ्यावर तुमची सूचना पाहिली. गेल्या तीन वर्षांत मागणी नसलेली कथा, कादंबऱ्या, नाटके व इतर पुस्तके निर्लेखित करण्यात, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्यात, येत आहेत, मोकळी जागा स्पर्धा परीक्षा अभ्यासिकेला देण्यात येईल आणि यापुढे खरेदी फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची होईल, असं त्यात आहे. आतल्या खोलीत युरियाच्या रिकाम्या पोत्यांत पुस्तकं भरून ठेवली होती. मी सहा पोती मोजली. एकाचं तोंड उघडं होतं आणि सगळ्यात वर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ होतं. ते पुस्तक मी मार्च महिन्यात नेलं होतं आणि एप्रिलमध्ये परत केलं होतं. ग्रंथपालांना देवघेव वही उघडायला लावली, तर माझ्या नावापुढे नोंदही सापडली. मग ते पोत्यात कसं गेलं, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. ‘वरून यादी आली,’ एवढंच ते म्हणाले.

ती यादी तुम्ही केलेली आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते. गावातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते.

मी बसथांब्यामागे पिठाची चक्की चालवते. सासरे होते तोवर ते बसत, त्यांच्यामागे अकरा वर्षं मी बसते. शिक्षण बारावी. वाचायची सवय मला चक्कीनंच लावली. गहू टाकला की पट्ट्याच्या आवाजात मोबाईलमधलं बोलणं ऐकू येत नाही, पुस्तकातलं येतं. लाईन गेली की बाया डबे घेऊन तिथंच थांबतात, तेव्हा मी मोठ्यानं वाचते. असं करत मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत मी आपल्या वाचनालयातली चौदा पुस्तकं वाचली. काही फार आवडली, काही अर्ध्यात सोडली. त्यांतल्या थोड्यांबद्दल इथं सांगते, कारण ‘मागणी नाही’ असं ज्यांनी लिहिलं त्यांना ही पुस्तकं कोणाकोणाच्या हातातून गेली हे माहीत नसावं.

‘धग’ मी उन्हाळ्यात वाचली. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० सालची, लेखक आपल्या अमरावती जिल्ह्यातले. कौतिक नावाच्या बाईची गोष्ट आहे. नवरा महादेव कामाला पाठ देणारा, पोरं लहान, घर तिनं एकटीनं ओढायचं. त्यातली माणसं आपल्यासारखी वऱ्हाडी बोलतात. शाळेत माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की बाई पाच वेळा ‘मला’ म्हणायला लावत. तो ‘मले’ छापील पुस्तकात पाहिला तेव्हा मी ते पान बराच वेळ उघडं धरून बसले होते. रोजानं निंदाले जाणारी एक म्हातारी ज्वारी घेऊन आली होती. तिनं दोन पानं ऐकली आणि म्हणाली, “हे कोनं लिवलं व बाई? त्याले आमच्या घरातलं कसं मालूम?” त्यानंतर ती दळण नसलं तरी यायची, दाराशी बसायची, आणि उठताना विचारायची, “आज कौतिकचं काय झालं?” तिला लिहिता-वाचता येत नाही. तुमच्या देवघेव वहीत तिचं नाव कधीच येणार नाही.

मला त्या कादंबरीबद्दल एक तक्रारही आहे. लेखकानं कौतिकला जरा उसंत द्यायला हवी होती. एक घाव पचतो न पचतो तोच दुसरा. एखादी दुपार तरी ती पोटभर हसली असती तर पुढचं दुःख जास्त लागलं असतं, असं मला वाटलं. शेजारच्या काकूंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, गरिबाच्या घरी एकामागून एकच येते, लेखकानं खोटं कशाला लिहावं? दोन दिवस आम्ही यावर वाद घातला, आणि त्या वादात काकूंनी स्वतःच्या सासरचं जे सांगितलं ते वीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ‘धग’ तुमच्या यादीत आहे. मी सध्या ती पुन्हा घरी नेली आहे, म्हणून तेवढी पोत्यात जायची वाचली.

आता अभ्यासिकेतल्या मुलांबद्दल. तुमचा निर्णय त्यांच्या नावानं झाला आहे, म्हणून हे नीट सांगते. माझा पुतण्या रोज सकाळी सातला अभ्यासिकेत येतो, तलाठी भरतीची तयारी करतो. तीन वर्षं झाली. घरी फारसा बोलत नाही. मे महिन्यात मी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आणली होती. बुलढाणा जिल्ह्यातले लेखक, २००४ साली या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, बापाची शेती आहे पण तिच्यात राम नाही, आणि बायको अलका एक दिवस माहेरी निघून जाते. मला ती सलग वाचवली नाही. दोनदा बंद करून ठेवली. घरात जे रोज दिसतं ते पुस्तकातही पाहायचं, त्याला छाती लागते. पुतण्याला दिली तर म्हणाला, “काकू, हे सिलॅबसमध्ये नाही.” मी ती त्याच्या उशाशी ठेवली आणि काही बोलले नाही. चार दिवसांनी रात्री तो चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, “एकनाथच्या डोक्यात जे चालू असते ना, ते माझ्या डोक्यात चालू असते. मला वाटायचं मलाच असं होते.” त्या रात्री तो माझ्याशी आणि त्याच्या काकांशी दोन तास बोलला.

मग त्यानं ते पुस्तक शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या मुलाला दिलं, त्यानं तिसऱ्याला. महिनाभरात तुमच्याच अभ्यासिकेत, तुमच्याच छताखाली, पाच मुलांनी ‘बारोमास’ वाचली. वहीत नोंद एक, माझ्या नावावर, आणि शेरा ‘उशिरा परत, दंड वसूल’. ज्या मुलांसाठी तुम्ही ही पुस्तकं हटवता आहात त्यांनाच ती हवी होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक भरती, या सगळ्या परीक्षांत जागा किती आणि बसणारे किती हे तुम्ही जाणता. ज्यांचं नाव यादीत येत नाही ते रात्री काय वाचतील, याचाही विचार वाचनालयानंच करायचा असतो.

ऑगस्टमध्ये झड लागली होती, दोन दिवस लाईन नव्हती. तेव्हा आम्ही चौघींनी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पात्रं वाटून घेऊन वाचलं. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वडील गेले म्हणून जमलेली भावंडं, आणि अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर. नाटक वाचायचं कसं, ते पाहायचं असतं, असं मला आधी वाटायचं. पण चौघींच्या चार आवाजांत ते उभं राहिलं. एरवी चक्कीवर शब्दही न बोलणारी एक सून वहिनीचं बोलणं वाचत होती. एका ठिकाणी ती थांबली, पदरानं डोळे पुसले आणि पुढचं वाक्य वाचलं. त्या ट्रॅक्टरसारखं काय काय कोणाच्या अंगणात उभं आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, नावं घेत नाही. नाटकांची कपाटं तुम्ही सगळ्यात आधी रिकामी केलीत, एकही ठेवलं नाही. नाटक एकट्यानं घरी नेऊन कमी लोक वाचतात हे खरं. त्याला दुपार लागते आणि चार माणसं लागतात, आणि आपल्या गावात दोन्ही आहेत.

‘ययाती’ मला आवडली नाही. वि. स. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं, त्यामुळे मी मोठ्या आशेनं घेतली होती. पण त्यातली माणसं मला बोलण्यापेक्षा भाषणंच जास्त करताना दिसली. शर्मिष्ठा जिथं स्वतःचं सांगते तेवढीच पानं मी मन लावून वाचली. तरी ही कादंबरी पोत्यात गेली असती तर मी तिच्यासाठीही असंच पत्र लिहिलं असतं. माझ्या जावेनं ती तीनदा वाचली आहे, आणि माझ्या मतापेक्षा तिचं मत कमी नाही. एका माणसाच्या आवडीवर गावाचं वाचनालय चालत नाही, तसंच ते एका सहीवर रिकामंही होऊ नये.

‘स्मृतिचित्रे’बद्दल थोडंसं. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात दारिद्र्य, ताटातूट, नवऱ्याचं धर्मांतर, सगळं आलं, आणि त्यांनी ते कुठंही रडगाणं न गाता लिहिलं. टिळकांबरोबर त्या आपल्या नागपुरातही राहिल्या होत्या. मराठीत आजवर मी जेवढं वाचलं त्यात एवढी मोकळी बाई मला दुसरी भेटली नाही. माझ्या मुलीला मी ते वाचायला सांगणार होते.

आणि एक पुस्तक असं आहे ज्याच्यासाठी मला खरोखर झोप लागली नाही. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ ला गेले. ते मूळचे सोलापूरचे, पण वनखात्यातल्या नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी आपल्या विदर्भाच्या जंगलात काढली. नवेगावबांधच्या पाखरांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचल्यावर मी आमच्या तळ्यावरची पाखरं पहिल्यांदा नीट पाहिली. ते गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात मी त्यांचं ‘रानवाटा’ आणलं. आमच्या गल्लीत वनमजूर म्हणून काम केलेले एक आजोबा आहेत. मी वाचायची, ते मधेच थांबवायचे आणि त्या पाखराला आपल्याकडे काय म्हणतात, ते कुठं घरटं करतं ते सांगायचे. त्यांनी सांगितलेली नऊ नावं मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवली. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायला नको होतं, त्याचा दंड सांगा, मी भरते. पण आजोबा सप्टेंबरमध्ये वारले, आणि ती नऊ नावं त्या पानाशिवाय कुठंच नाहीत. ते पुस्तक त्या सहा पोत्यांपैकी एकात आहे. ते मला शोधू द्या.

आता माझ्या हरकती.

‘मागणी’ तुम्ही वहीवरून मोजली, आणि वही खोटी नसली तरी अपुरी आहे. एक पुस्तक एका नावावर जातं आणि घरात, गल्लीत, चक्कीवर पाच-सहा जण ते वाचतात किंवा ऐकतात. त्यातही जी पुस्तकं नोंदलेली होती तीही यादीत आली, म्हणजे वही कोणी नीट उघडूनही पाहिली नाही.

दुसरं, वाचनालयाची वेळ. सकाळी अकरा ते दोन. त्या वेळी सोयाबीनच्या सोंगणीला, कापसाच्या वेचणीला गेलेल्या बायांनी आणि माणसांनी यायचं कसं? मी येते कारण चक्की बंद करणं माझ्या हातात आहे. सकाळी लवकर आणि संध्याकाळी सहानंतर दार फक्त अभ्यासिकेसाठी उघडतं आणि कपाटांना कुलूप असतं. कपाटाच्या काचा मागच्या वर्षी फुटल्या, तिथं पत्रा ठोकला, त्यामुळे आत काय आहे तेही दिसत नाही. जे दिसत नाही ते कोण मागणार? नवीन कथा-कादंबरीची खरेदी पाच वर्षांत झालेली मला आठवत नाही. ग्रंथपालांना यात मी दोष देत नाही. त्यांच्या हातात जे मानधन पडतं त्यात ते एवढं करतात हेच पुष्कळ आहे.

तिसरी हरकत सगळ्यात मोठी आहे. तुम्ही आम्हाला विचारलं नाही. आपलं वाचनालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेऊन, सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतं. या कपाटांतली कितीतरी पुस्तकं गावकऱ्यांनी दिलेली आहेत. माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या पुस्तकांवर त्यांची जांभळ्या शाईतली सही आहे. ती रद्दीत घालायची होती तर निदान देणाऱ्याच्या घरी निरोप पाठवायचा.

मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हेही आपल्याच वाचनालयात होतं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं ते लहानसं गोंड गाव. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबतात, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. २००९ साली त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. एवढं जंगल ज्यांनी एकत्र बसून सांभाळलं त्यांच्या मानानं आपल्यापुढं सहा पोत्यांचा प्रश्न आहे. तो एका बैठकीत सुटू शकतो, बैठक बोलावली तर.

जुनी, फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं काढावीच लागतात, हे मला मान्य आहे. शेतात निंदण करतोच आपण. पण निंदणारी बाई आधी वाकून पाहते, तण कोणतं आणि तुरीचं रोप कोणतं. उभ्यानं खुरपं चालवत नाही.

दरवर्षी १२ ऑगस्टला तुम्ही ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालता. त्यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयाची पाच सूत्रं त्याच फोटोखाली लावलेली आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हे दुसरं. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे तिसरं. अभ्यासिकेतला मुलगाही वाचक आहे, त्याला त्याची पुस्तकं मिळालीच पाहिजेत, टेबल, दिवे, पंखा, सगळं मिळालं पाहिजे. ते मागण्यासाठी सही हवी असेल तर माझी पहिली घ्या. पण तिसऱ्या सूत्राचं काम तुम्ही कपाट बंद ठेवून कसं करणार?

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

पोती वाचनालयाबाहेर जाऊ देऊ नका. निर्लेखनाची पूर्ण यादी, पुस्तकाचं नाव, लेखक आणि दाखल क्रमांक यांसह, फळ्यावर लावा आणि सभासदांना हरकत घ्यायला एक महिना द्या. मग सभासदांच्या बैठकीत एकेका पुस्तकाचा निर्णय करा. जी खरोखर वाचण्यालायक उरली नाहीत ती जाऊ द्या, त्याला मी आडवी येणार नाही. ज्या पुस्तकांवर देणगीदाराची सही आहे ती आधी त्यांच्या घरच्यांना विचारा.

आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते आठ, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कपाटं उघडी ठेवा. ग्रंथपालांना जास्तीचं बसावं लागेल, त्याचे जास्तीचे पैसे त्यांना द्या. ते शक्य नसेल तर आम्ही चार सभासद पाळीपाळीनं बसू. मी मंगळवार घेते.

खरेदीसाठी एक सूचना वही ठेवा. वर्षाच्या खरेदीत अभ्यासिकेचा हिस्सा किती आणि इतर वाचकांचा किती हे बैठकीत ठरवा, आणि त्यात आपल्या विदर्भातल्या लिहिणाऱ्यांची पुस्तकं जरूर असू द्या. नव्या पुस्तकांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून काय मिळू शकतं ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारा. अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे, माझं अक्षर चांगलं आहे.

जागेचा प्रश्न मला समजतो. मुलं वाढली, खोल्या दोनच. पण कपाटं भिंतीला लावून मधे टेबलं बसतात, मी टेप घेऊन मोजलं आहे. सहा टेबलं बसतात. आत्ता चार आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी वाचनालयात येते आहे. माझ्याबरोबर शेजारच्या काकू, माझी जाऊ आणि अभ्यासिकेतली ती पाच मुलं येतील. ‘धग’ परत आणते, ती कपाटात ठेवा, तिची वाट पाहणाऱ्या दोघी आहेत. माझ्याजवळ दोनशे पानी एक वही आहे. चक्कीवर पुस्तक कोणी नेलं, कोणी ऐकलं, हे मी वर्षभर तिच्यात लिहिलं आहे. त्यात एक्केचाळीस नावं आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेतले आहेत. तुमच्या देवघेव वहीशी ती समोरासमोर ताडून पाहू.

आपली,
वाचनालयाची एक सभासद,
बसथांब्यामागची चक्की